ग्योटिंगेनमधला एक शनिवार : समीकरणं कोरलेल्या कबरी आणि भिंतींवरचे भाडेकरू

कोरी_पाटी (धागाकर्ता)

मागे इथे ‘परदेशात शिकणाऱ्या मुलांनी सुट्टीत काय बघावं’ यावर बरीच हाणामारी झाली होती. प्राग, पॅरिस, ॲमस्टरडॅम अशी यादी निघाली. यादी चांगलीच आहे, पण महिनाअखेरीला विद्यार्थ्याच्या खिशात सेमिस्टर तिकीट (विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास) आणि एक मोकळा शनिवार एवढंच उरतं. अशा वेळी आपण राहतो तेच गाव पायाखाली घालावं, या मताचा मी झालोय. माझं गाव ग्योटिंगेन. जर्मनीच्या नकाशात साधारण मधोमध, वस्ती लाख-सव्वा लाखाची, आणि त्यात विद्यार्थ्यांचाच भरणा. १७३७ साली स्थापन झालेलं विद्यापीठ हाच इथला मुख्य उद्योग म्हणा ना.

सुरुवात केली स्टेशनच्या पश्चिमेला असलेल्या श्टाटफ्रीडहोफपासून, म्हणजे शहराच्या दफनभूमीपासून. १८८१ सालची जागा. जुनी झाडं, एक तळं, वळणावळणाच्या वाटा. आज्ज्या झारीने फुलझाडांना पाणी घालत असतात, कोणी बाकावर पेपर वाचत बसलेला असतो. इथे आठ नोबेलवाले पुरलेत: प्लांक, बॉर्न, फॉन लाउए, हान, नेर्न्स्ट, वालाख, विंडाउस, झिग्मोंडी. तळ्याजवळ त्या आठांच्या नावांचं एक वर्तुळाकार स्मारकही आहे, पण खरी गंमत कबरी शोधण्यात.

मॅक्स प्लांकच्या दगडाच्या तळाशी एचची, म्हणजे त्याच्याच नावाच्या स्थिरांकाची, किंमत कोरलेली आहे. मॅक्स बॉर्नच्या दगडावर ‘पीक्यू वजा क्यूपी बरोबर एच भागिले दोन पाय आय’. ओटो हानच्या दगडावर युरेनियमच्या विखंडनाची खूण. आपल्याकडे समाधीवर अभंगाची ओळ असते, इथे क्वांटम मेकॅनिक्सचा पाया. बॉर्नच्या ओळीसमोर मी बराच वेळ उभा होतो. हे समीकरण वर्गात फळ्यावर पाहिलं होतं, तेव्हा ते कोणाचं तरी असेल असं डोक्यातच आलं नव्हतं. बाजूला शेवाळ, खाली कोणीतरी ठेवलेला लाल काचेतला दिवा.

तिथून परत गावात. जुन्या ग्योटिंगेनभोवती मातीचा तट आहे, त्यावरून लिंडेनच्या झाडांखालून अख्ख्या जुन्या गावाला प्रदक्षिणा घालता येते. सावकाश चाललं तर तासाभराचं काम. वाटेत गणिती गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांचा पुतळा लागतो, १८९९ सालचा. गाउस बसलेला, वेबर उभा. या दोघांनी १८३३ मध्ये वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये घरांच्या छपरांवरून तार ओढली आणि तारयंत्रावरून एकमेकांना निरोप धाडले. तटावरच पुढे जर्मनीचा चॅन्सेलर झालेल्या बिस्मार्कचं घर आहे, जुन्या तटबंदीचा उरलेला एक गोल बुरूज. कायद्याचा हा विद्यार्थी १८३३ मध्ये इथे राहायचा.

पुढे भूक लागली. शनिवारी मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ, गृहीत धरायची नसते, म्हणून बेकरीतला ब्रेड आणि घरून नेलेली लसणाची चटणी यांवर भागवलं. चटणीबद्दल कोणी काही विचारू नये, ती संपली.

आता मुख्य मुद्दा. या गावात चालताना नजर वर ठेवावी लागते. जुन्या घरांच्या भिंतींवर पांढऱ्या पाट्या आहेत, नाव आणि साल, बस्स. हा माणूस अमुक सालापासून तमुक सालापर्यंत या घरात राहत होता. १८७४ पासून ही प्रथा आहे आणि पाट्या तीनशेच्या वर गेल्यात. खाली केशकर्तनालय, मध्ये कोणाचे तरी वाळत घातलेले मोजे, आणि त्याच भिंतीवर एखादा गणिती. बहुतेक सगळे भाडेकरू! कोणी विद्यार्थी म्हणून सहा महिने राहिला, कोणी प्राध्यापक म्हणून चाळीस वर्षं. बेंजामिन फ्रँकलिन १७६६ मध्ये नुसता येऊन गेला, तर त्याचीही पाटी.

पण हेच गाव माणसं हाकलण्यातही पटाईत. १८३७ मध्ये हानोव्हरच्या राजा एर्न्स्ट आउगुस्टने राज्यघटना रद्द केली, तेव्हा सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. सातही बडतर्फ. त्यात परीकथांचे ग्रिम बंधू होते आणि वर सांगितलेला वेबरही. त्यातल्या तिघांना तर तीन दिवसांत राज्य सोडायला लावलं, त्यात याकोब ग्रिम होता. पुढे १९३३ मध्ये नाझींनी बॉर्न आणि कुरांट, एमी न्योटर हे गणिती यांना घालवलं. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांक यांनी तर काढण्याआधीच निषेधाचा राजीनामा दिला. जगातलं पहिल्या क्रमांकाचं गणित काही महिन्यांत रिकामं झालं. आणि आता त्याच गावात त्यांच्या नावाच्या पाट्या, रस्ते, सभागृहं. उनटेरे माश रस्त्यावर जिथे सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) होतं, १९३८ च्या नोव्हेंबरात जाळलेलं, तिथे १९७३ मध्ये उभारलेलं पोलादी नळ्यांचं स्मारक आहे. मी तिथे गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि आजूबाजूला लोक सायकलींवर भाजी घेऊन घरी चालले होते.

गाव माणसांना आधी हाकलतं आणि मग त्यांच्या पाट्या लावतं. याला पश्चात्ताप म्हणावं की जाहिरात? मला तरी दिवसभर फिरून पश्चात्तापच वाटला, कारण पाट्यांना तिकीट नाही आणि त्यांच्याशेजारी सेल्फीची सोयही नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

खवचट_खवय्या

लोक परदेशात जाऊन आयफेल टॉवर बघतात, आमचा पठ्ठ्या स्मशानात. पुढच्या वेळी भारतात आलास की पुण्याच्या वैकुंठ स्मशानात नेतो. बाकी लेख झकास. चटणी संपली हे वाचून गलबलून आलं.

---

निवृत्त_मास्तर

बाळ, तू गणिती हिल्बर्टला विसरलास की काय? त्याची कबरही त्याच जागी आहे. त्यावर जर्मनमध्ये दोन वाक्यं कोरली आहेत: आपल्याला जाणलंच पाहिजे, आपण जाणूच. १९३० च्या सप्टेंबरात क्योनिग्सबर्गच्या भाषणाच्या शेवटी त्याने हे म्हटलं होतं. नियतीचा विनोद असा, की त्याच गावात आदल्याच दिवशी एका परिषदेत गोडेल नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराने हलक्या आवाजात सांगून टाकलं होतं, की अशी काही खरी विधानं असतात जी त्या पद्धतीत सिद्धच करता येत नाहीत. हिल्बर्टची ओळ दगडावर गेली आणि गोडेलचं प्रमेय पाठ्यपुस्तकात. दोन्ही आपापल्या जागी शोभतात असं माझं मत आहे. तीस वर्षं गणित शिकवलं, त्या दगडासमोर उभं राहायची इच्छा मात्र राहून गेली.

आणखी एक विचारायचं होतं. गाउसच्या कबरीवर सतरा बाजूंची आकृती आहे का रे? नियमित सप्तदशकोन फक्त पट्टी आणि कंपासने काढता येतो हे त्याने एकोणिसाव्या वर्षी दाखवलं होतं.

---

कोरी_पाटी

मास्तर, नमस्कार. हिल्बर्टची कबर पाहिली, पण त्याच्यावर नीट लिहायचं म्हणजे गणित यायला हवं, म्हणून गप्प बसलो. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

गाउस त्या दफनभूमीत नाही. तो १८५५ मध्ये गेला, म्हणजे ती सुरू होण्याच्या कितीतरी आधी. त्याची कबर गावाच्या दुसऱ्या बाजूला, आल्बानी दफनभूमीत आहे, आता तिथे बाग झालीय. सप्तदशकोन कबरीवर नाही. सतरा टोकांचा तारा ब्राउनश्वाइगच्या पुतळ्यापाशी आहे, ते त्याचं जन्मगाव. हिल्बर्टला तुमचा नमस्कार सांगतो, पुढच्या खेपेला.

@खवय्या, वैकुंठात समीकरण कोरलेलं असेल तर नक्की येतो.

---

मुळाकाठ

वाचनखूण साठवली आहे. पण या गावाचं पुण्याशी नातं आहे ते राहिलंच की!

फ्रांत्स कीलहॉर्न. १८६६ मध्ये हा जर्मन माणूस पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला आणि पंधराएक वर्षं राहिला. पुण्यातल्या शास्त्रीमंडळींबरोबर बसून व्याकरण पक्कं केलं. नागोजीभट्टाचा ‘परिभाषेन्दुशेखर’ संपादून भाषांतरित केला, आणि पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती काढली, जी अजूनही प्रमाण मानतात. पुढे काशिनाथशास्त्री अभ्यंकरांनी ती सुधारून भांडारकर संस्थेतून काढली. पुण्यातून गेल्यावर हा गृहस्थ कुठे गेला? ग्योटिंगेनला! १९०८ मध्ये मरेपर्यंत तिथेच शिकवत होता. आणि खुद्द रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ग्योटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा नोबेलच्या कबरी राहू द्या, आमच्या मुळेच्या काठचं व्याकरण तुमच्या गावात मुरलंय.

विद्यापीठात संस्कृतचा विभाग अजून आहे का?

---

कोरी_पाटी

मुळाकाठ, साष्टांग दंडवत! भारतविद्येचं शिक्षण इथे अजूनही चालतं, आणि ग्रंथालय तर प्रचंड आहे. सोमवारी जाऊन त्या महाभाष्याचे खंड मागवतो. आणि हो, पुण्याशी आणखी एक साम्य. इथल्या जुन्या टाउन हॉलच्या तळघराच्या दारावर एक लॅटिन वचन आहे, अर्थ असा, की ग्योटिंगेनबाहेर जगणं नाही, आणि असलंच तर ते असं नाही.

---

मुळाकाठ

हे आमच्याकडून चोरलंय. कीलहॉर्ननेच नेलं असणार.

---

खवचट_खवय्या

कीलहॉर्नने नेलं असतं तर दुपारी एक ते चार बंद अशी पाटीही नेली असती.

---

अनघा_ना

लेख आवडला, पण बायकांचा उल्लेख एका नावावर आटोपलात, म्हणून चार ओळी.

एमी न्योटर १९१५ पासून ग्योटिंगेनला होत्या. बाईला अध्यापनाचा हक्क द्यायला प्राध्यापक मंडळी तयार नव्हती, म्हणून काही वर्षं त्यांची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हायची आणि शिकवायच्या त्या. हक्क मिळाला १९१९ मध्ये. म्हणजे जिच्या प्रमेयावर आजचं भौतिकशास्त्र उभं आहे, तिचं नाव वेळापत्रकातही नव्हतं.

त्याच्याही आधी, १७८७ मध्ये, डोरोथेआ श्लोत्सर या सतरा वर्षांच्या मुलीला याच विद्यापीठाने तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट दिली. पदवीदानाच्या समारंभाला मात्र अविवाहित मुलीने बसायचं नाही, म्हणून तिने तो शेजारच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिला. भिंतीवरची पाटी नंतर लागते, हे पटलं. पण खिडकीतून बघायला लावणारे आणि पाटी लावणारे यांच्यात शंभर-दोनशे वर्षांचं अंतर असतं. पश्चात्ताप नातवंडांनी करायचा असतो का? मला तरी ही पाट्यांची प्रथा थोडी स्वस्तातली सुटका वाटते.

---

टांगेवाला

अनघाताईंशी निम्मा सहमत. स्वस्तातली सुटका असेल, पण आपण तेवढीही करत नाही. ज्या घरात मोठी माणसं राहिली ती घरं पाडून तिथे ‘अमुक हाइट्स’ उभं राहतं.

अवांतर: विद्यापीठाच्या आउला, म्हणजे सभागृहाच्या इमारतीत विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे ना? बिस्मार्कला तिथे डांबलं होतं असं ऐकलंय. भिंतींवर पोरांनी चित्रं काढून ठेवलीत म्हणे.

---

कोरी_पाटी

टांगेवाले, तुरुंग आहे, त्याला कार्त्सर म्हणतात, विल्हेल्मप्लात्झवर आउलाच्या वरच्या मजल्यावर. विद्यापीठाला स्वतःचा न्यायाधिकार होता, त्यामुळे दारू पिऊन दंगा, रात्री आरडाओरडा, द्वंद्वं असल्या गुन्ह्यांसाठी पोरांना पोलिसांऐवजी विद्यापीठच कोठडीत टाकायचं. भिंती, दारं सगळीकडे नावं, टोप्या घातलेले चेहरे, संघटनांची चिन्हं. शिक्षा म्हणजे मिरवायची गोष्ट होती हे दिसतंच. बिस्मार्कने ग्योटिंगेनला कोठडी भोगली हे खरं, पण तो इथे शिकला १८३२-३३ मध्ये आणि आउला बांधली १८३७ मध्ये, विद्यापीठाच्या शताब्दीला. म्हणजे त्याची कोठडी ही नव्हे, आधीची. कवी हाइन्रिख हाइनेलाही द्वंद्वाच्या भानगडीपायी विद्यापीठाने काही काळ हाकललं होतं. नंतर परत येऊन त्याने १८२५ मध्ये कायद्याची डॉक्टरेट घेतली, आणि मग या गावाची यथेच्छ टिंगल केली.

अनघाताई, तुमचा मुद्दा डोक्यात राहिला. एक सांगतो. गावाचं नवं नगरपालिका भवन ज्या चौकात आहे त्याचं नाव हिरोशिमा चौक. मी तिथे रहिवासाची कागदपत्रं घेऊन जातो. सकाळी ओटो हानच्या कबरीवर विखंडनाची खूण पाहिली आणि दुपारी या चौकातून गेलो, तेव्हा पोटात कसंसंच झालं. हेही लक्षात घ्या, की १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सैन्याला अण्वस्त्रं द्यायच्या बेताविरुद्ध अठरा शास्त्रज्ञांनी जे जाहीर पत्र काढलं, त्यात हान, बॉर्न, फॉन लाउए, हायझेनबर्ग सगळे होते. त्यांना ‘ग्योटिंगेनचे अठरा’ म्हणतात. नाव मुद्दाम १८३७ च्या सातांची आठवण देणारं. म्हणजे काही पश्चात्ताप त्या त्या माणसांनी जिवंतपणीच केला.

---

जुना_भिडू

धागा वाचून ऐंशीच्या दशकात गेलो. तिथल्या एका संशोधन संस्थेत काही वर्षं होतो. तुमच्या पिढीला कल्पना येणार नाही, पण तेव्हा ग्योटिंगेन म्हणजे पश्चिम जर्मनीचा काठ होता. पूर्वेला गाडीने थोडं गेलं की पूर्व जर्मनीच्या सीमेचं कुंपण, टेहळणी बुरूज आणि सुरुंग. रविवारी सहल म्हणून लोक सीमा बघायला जायचे, आम्हीही गेलो होतो. नोव्हेंबर १९८९ मध्ये भिंत उघडल्यावर पहिल्याच शनिवार-रविवारी अख्खं गाव पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाड्यांनी भरलं. त्या गाड्यांच्या धुराचा वास अजून नाकात आहे. पूर्वेकडच्या माणशी शंभर मार्क स्वागतनिधी मिळायचा, त्यासाठी लांब रांगा. लोक दुकानांच्या काचांना नाक लावून केळी बघत होते असं आता सगळे सांगतात, मला मात्र आठवतात ते चुपचाप नकाशे विकत घेणारे लोक.

तुम्ही फ्रीडलांडला जा. ग्योटिंगेनच्या दक्षिणेला, रेल्वेने अगदी जवळ. १९४५ मध्ये ब्रिटिशांनी तिथे निर्वासितांसाठी छावणी काढली, युद्धकैदी तिथूनच परतले, आणि छावणी आजही चालू आहे, आता वेगळ्या देशांतून आलेल्यांसाठी. जुन्या स्टेशनात संग्रहालय आहे. माणसं हाकलणं आणि माणसं घेणं, दोन्ही त्याच परिसरात.

बॉर्नबद्दल एक. १९३३ नंतर तो केंब्रिजला गेला, आणि १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांनी त्याला बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत बोलावलं होतं. रामन यांना तो कायमचा हवा होता, पण संस्थेतल्या राजकारणात ते जमलं नाही. मग एडिंबरा. नाहीतर त्या समीकरणाचा दगड कदाचित कर्नाटकात असता.

---

निवृत्त_मास्तर

जुना_भिडू, हे रामन-बॉर्न प्रकरण नव्याने कळलं. धन्यवाद. म्हणजे घालवायला आपणही कमी नाही.

---

लेकीची_आई

सगळे मोठमोठ्या गोष्टी बोलताय, मला जरा साधं विचारायचंय. माझी मुलगी ऑक्टोबरमध्ये ग्योटिंगेनलाच येतेय, मास्टर्ससाठी. एकटीने असं फिरणं ठीक आहे ना? आणि ते हंस घेतलेल्या मुलीच्या पुतळ्याला चुंबन द्यायचं म्हणजे काय प्रकार आहे? तिने फोटो पाठवला होता, मी नुसती बघत राहिले.

---

कोरी_पाटी

काकू, काळजी करू नका, इथे निम्मं गाव विद्यार्थ्यांचं आहे. दिवसा तटावरून, दफनभूमीतून एकट्या मुली धावतात, फिरतात. रात्री कुठेही घेतो तेवढीच काळजी. थोडं कामाचं: घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते पहिल्याच दिवशी मागून घ्यायला सांगा. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-भाजी भरायची. थोडी रोकड जवळ असावी. सायकल जुनी घ्यावी पण कुलूप नवं आणि जाड.

आता पुतळा. ती गेन्झलीझल, चौकातल्या कारंज्यावरची हंस सांभाळणारी मुलगी, १९०१ पासूनची. डॉक्टरेट मिळालेला विद्यार्थी मित्रांनी सजवलेल्या हातगाडीत बसून मिरवत येतो, कारंज्यावर चढतो, तिला फुलं देतो आणि गालावर चुंबन. १९२६ मध्ये यावर बंदी आली होती, कोणी जुमानली नाही. आता तिथे आहे ती प्रतिकृती, मूळ पुतळा नगर संग्रहालयात. त्या शनिवारी एक मुलगी चढत होती, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, त्यावर चिकटवलेल्या परीक्षानळ्या आणि एक रबरी बेडूक. खाली आईवडील कोट सावरत उभे, कुठे बघावं कळत नव्हतं त्यांना. तुमच्या लेकीने पुढे पीएचडी केली तर तुम्हीही असणार तिथे.

---

लेकीची_आई

अगंबाई! बरं, तोपर्यंत मी तिकिटाचे पैसे जमवते. पत्राचं लिहून ठेवलं. आणि तिला एखादा दिवस जवळपास जायचं झालं तर?

---

जुना_भिडू

ताई, हान म्युंडन नावाचं गाव आहे. गाडीने तासाच्या आत. वेरा आणि फुल्डा या दोन नद्या तिथे मिळतात आणि पुढे वेझर होते. लाकडी चौकटींची जुनी घरं, संगमावर एक कोरलेली शिळा. आपल्या माणसाला संगम दिसला की आपोआप हात जोडले जातात, मी जोडले होते, आणि शेजारचा जर्मन म्हातारा मला वाटलं हसेल, तर त्याने टोपी काढली.

---

खवचट_खवय्या

कोरी_पाटी, तू फ्रीडलांडला कधी जातोयस? पुढील भागाच्या प्रतीक्षेत. या वेळी चटणी जास्त ने.

---

कोरी_पाटी

परीक्षा संपल्या की. चटणी घरून यायचीय, टपाल कस्टममध्ये अडकलंय.